सहा सेशन, एक तक्ता आणि आमचा शनिवार

साडेतीन तारे. चार देणार होते, पण एका मेसेजचा राग अजून गेलेला नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

सेवेचं नाव लिहीत नाही. आम्ही कुठे जातो हे ओळखीतल्या दोघांना ठाऊक आहे, नाव वाचताच हे कुणी लिहिलंय ते त्यांना कळेल. ज्यांना असं ठिकाण शोधायचंय, त्यांना तिथे काय विचारतात आणि काय मिळतं हे जास्त उपयोगी पडेल. तर प्रकार असा: लैंगिक आरोग्याचं क्लिनिक, आणि त्यात नशा करणाऱ्यांसाठी सहा सेशनचा वेगळा कार्यक्रम. एक डॉक्टर बाई, एक समुपदेशक. जोडीने जा नाहीतर एकटे जा. "आधी सोडा, मग या" अशी अट नाही. आम्ही गेलो ते याच एका वाक्यामुळे.

मी छत्तीसची, नवरा अडतीसचा. आमचा हिशेब सरळ होता. शनिवारी रात्री जॉइंट, गेली सहा वर्षं, क्वचितच चुकला असेल. मित्रांच्या पार्ट्यांत एमडीएमए, म्हणजे एक्स्टसी, चार-पाच वेळा. कोक, म्हणजे कोकेन, नवऱ्याने दोनदा, तेही दारूवर. दारू आम्ही या यादीत धरतच नव्हतो. तक्रार अशी की शनिवार सोडून उरलेल्या सहा दिवसांत आमच्यात काही होईनासं झालं होतं, आणि पुढे पुढे शनिवारीही नवऱ्याचं मध्येच बिनसायला लागलं. माझं तर कित्येक महिने शेवटपर्यंत जातच नव्हतं. ते मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

याआधी आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. चार मिनिटांत सिल्डेनाफिलची, म्हणजे ताठरतेच्या गोळीची, चिठ्ठी आणि "टेन्शन घेऊ नका". नशेबद्दल एक प्रश्न नाही. गोळीने काम झालं, खोटं कशाला बोलू. पण नवरा मला म्हणाला, "अगं, झालं खरं, पण मला करावंसं वाटतच नव्हतं." तेव्हा मला ते लागलं. नंतर या क्लिनिकमध्ये कळलं की गोळीचं कामच तेवढं आहे. इच्छा ती आणत नाही. शरीराला उत्तेजनेचा इशारा मिळाला तर रक्तवाहिन्या सैल राहायला ती मदत करते, इशाराच नसेल तर नुसती पोटात पडून राहते.

पहिलं सेशन जवळजवळ सगळं प्रश्नांतच गेलं. काय घेता, किती, कसं, कशाबरोबर, सेक्सच्या किती आधी, दुसऱ्या दिवशी कसं वाटतं. विचारण्याची पद्धत अशी की जणू बीपीच्या गोळ्यांची यादी चाललीय. समुपदेशकांनी एक तक्ता दिला: तारीख, काय घेतलं, इच्छा आधी किती, नंतर किती, प्रत्यक्ष काय झालं, दुसऱ्या दिवशीचा मूड. दारूलाही स्वतंत्र रकाना. नवऱ्याने लगेच हरकत घेतली, "दारू कशाला त्यात?" ते म्हणाले, "तुमच्या बाबतीत कदाचित तीच आधी धरायला हवी." दारूने लाज सुटते हे खरं, पण मज्जातंतूही तितकेच सुस्तावतात. मन म्हणतं चला, आणि शरीर झोपेला आलेलं असतं.

मग एका प्रश्नाने गंमत केली. "जॉइंटमध्ये तंबाखू मिसळता का?" मिसळायचो. सहा वर्षं मिसळत होतो, पण त्याला आम्ही सिगरेट समजतच नव्हतो. डॉक्टर बाईंचा सगळा रस तिकडेच. गांजाने ताठरतेवर काय होतं याचे अभ्यास उलटसुलट आहेत, तंबाखूबद्दल मात्र शंका नाही, असं त्या म्हणाल्या. लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे बिघाड झाला तर तिथे आधी दिसतो. ताठरतेची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासल्याशिवाय त्या गोळी देत नाहीत. टेस्टोस्टेरॉनसाठी सकाळीच रक्त घेतात, कारण तेव्हा त्याची पातळी सर्वांत वर असते. नवऱ्याचं टेस्टोस्टेरॉन ठीक निघालं, कोलेस्टेरॉल नाही. आम्ही गांजाची कबुली द्यायला गेलो आणि कोलेस्टेरॉलची फाइल घेऊन परतलो.

वीर्याबद्दलही थोडं झालं. रोज भरपूर गांजा ओढणाऱ्यांमध्ये शुक्राणूंची संख्या कमी आढळली आहे. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे आज सोडलं तर फरक उद्याच्या रिपोर्टात दिसत नाही. मुलाचा विचार नसल्याने आम्ही तो भाग पटकन उरकला. ज्यांचा आहे त्यांनी तिथे थांबून नीट विचारावं.

घड्याळाचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमचं ठाम म्हणणं होतं की जॉइंट ओढल्यावर सेक्स जास्त वेळ चालतो, "पाऊण तास तरी". समुपदेशक नुसते म्हणाले, "एकदा मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बघा." लावलं. संपल्यावर दोघांनी न बघता आकडा सांगायचा असं ठरलं होतं. तो म्हणाला चाळीस, मी म्हणाले पस्तीस. तेरा मिनिटं! आम्ही अंथरुणात बसून मोबाइलकडे असे बघत होतो, जणू कुणी आमची फसवणूक केलीय. गांजाने वेळ ताणल्यासारखी वाटते, ही त्याची जुनी ओळखीची खोड आहे. पुढच्या सेशनला मी विचारलं, मग आम्हाला जे छान वाटत होतं तेही खोटंच का? ते म्हणाले, वाटणं खरं असतं. स्पर्श जास्त जाणवतो, डोक्यातली बडबड थांबते, पुष्कळांना इच्छाही वाढल्यासारखी वाटते. पण प्रमाण थोडं जरी वाढलं तरी तोच गांजा काहींना घाबरवतो, आपल्याच डोक्यात कोंडतो, आणि शेजारचं माणूस दूर जातं. मला तो अनुभव होता. त्यासाठी शब्द नव्हता, एवढंच.

एमडीएमएवर एक पूर्ण सेशन गेलं, आणि ते माझ्या वाट्याचं निघालं. १९१२ साली जर्मनीतल्या मर्क कंपनीने पेटंटसाठी नोंदवलेलं हे रसायन सेरोटोनिनचा साठा एकदम बाहेर काढतं, ऑक्सिटोसिनही वाढवतं. म्हणून सगळे आपलेसे वाटतात, मिठी सोडवत नाही. पण त्याच वेळी पुरुषाला ताठरता टिकवणं आणि दोघांनाही शेवटाला पोचणं अवघड होतं. थोडक्यात, जवळीक भरपूर आणि संभोग अडलेला. नवऱ्याला हे ऐकून इतकं हायसं वाटलं की तो हसलाच. दोन वर्षं त्याला वाटत होतं, त्या पार्टीच्या रात्री जमलं नाही म्हणजे आता आपल्यातच काही उरलं नाही.

मग डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही दुसरी कुठली औषधं घेता?" मी दीड वर्षापासून एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्यावरची गोळी घेते. मानसोपचार डॉक्टरांना एमडीएमएबद्दल सांगितलं नव्हतं, आणि इथल्या फॉर्मवर एस्सिटॅलोप्रॅम लिहिलं नव्हतं. दोन्हीकडे अर्धं सत्य. बाईंनी कागदावर एक पेशी काढली, तिला एक दार काढलं. ही गोळी ते दार अडवून बसते, म्हणजे बाहेर आलेलं सेरोटोनिन परत आत जाऊ नये. एमडीएमएला काम करायला नेमकं तेच दार लागतं. म्हणून मला ते कधी नीट चढायचंच नाही, आणि म्हणूनच मी एकदा दुप्पट घेतलं होतं. त्याने मजा वाढली नसती. अंगाचा ताप आणि हृदयावरचा ताण तेवढा वाढण्याची भीती होती. एमएओआय गटातली नैराश्याची औषधं चालू असतील तर हेच मिश्रण जिवावर बेतू शकतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पार्टीत तासन् तास नाचताना अंग तापतं म्हणून लोक लिटरवर लिटर पाणी पितात, त्याने रक्तातलं सोडियम घसरून माणूस दगावू शकतो, हेही मला तिथेच कळलं.

आणि ते माझं "शेवटपर्यंत न जाणं"? त्याचा संशय गांजावर नव्हता, एमडीएमएवरही नव्हता. ऑर्गॅझम लांबणं किंवा न येणं हा या गटाच्या नैराश्याच्या गोळ्यांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. दीड वर्ष मी नशेला दोष देत होते, नवरा स्वतःला. "मनाने बंद करू नका," असं बजावून त्यांनी माझ्या मानसोपचार डॉक्टरांना पत्र दिलं. आता औषध बदलून पाहणं चालू आहे. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी या क्लिनिकची फी पुन्हा भरेन.

आता खरं महत्त्वाचं. नवऱ्याच्या पाकिटात ती सिल्डेनाफिलची गोळी असायची. एका पार्टीत कुणीतरी त्याच्यापुढे पॉपर्सची, म्हणजे अमिल नायट्राइटसारख्या हुंगायच्या रसायनाची, छोटी बाटली धरली होती. त्याने वास नको म्हणून नाकारली, निव्वळ योगायोग. ते ऐकून डॉक्टर बाई पेन ठेवून गप्प बसल्या. मग म्हणाल्या, दोन्ही औषधांची सुरुवात छातीच्या कळेपासून आहे. अमिल नायट्राइट १८६७ मध्ये ब्रंटन नावाच्या डॉक्टरांनी अंजायनासाठी वापरलं. सिल्डेनाफिलही अंजायनासाठीच तपासत होते, तेव्हा त्याचा हा दुसरा गुण सापडला, आणि १९९८ मध्ये ते ताठरतेचं औषध म्हणून बाजारात आलं. पॉपर्स रक्तवाहिन्या उघडणारा नळ सोडतात, सिल्डेनाफिल त्याच पाण्याचा निचरा बंद करतं. दोन्ही एकत्र आले की रक्तदाब धाडकन कोसळतो, माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो. छातीच्या कळेवर देतात त्या सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळ्यांचंही तेच. म्हणून गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर दवाखान्यात लाज न बाळगता आधी सांगायचं की मी अमुक गोळी घेतलीय. सिल्डेनाफिल घेऊन २४ तास आणि त्याच प्रकारची टाडालाफिल घेऊन ४८ तास उलटेपर्यंत नायट्रेट देत नाहीत. हे आम्हाला चार मिनिटांत चिठ्ठी लिहिणाऱ्या त्या पहिल्या डॉक्टरांनी सांगायला हवं होतं की नको?

कोक आणि दारूचंही तसंच. दोन्ही एकत्र घेतलं की यकृतात कोकाएथिलीन नावाचं तिसरंच काहीतरी तयार होतं, ते कोकपेक्षा जास्त वेळ टिकतं आणि हृदयाला जास्त त्रास देतं. कोक रक्तवाहिन्या आवळतं. डोक्यात शेर आणि खाली शेळी, हे नवऱ्याचे शब्द, माझे नाहीत.

चौथ्या सेशनला आम्हाला वेगवेगळं बसवलं. त्याबद्दल लिहू की नको असं वाटत होतं. एका रात्री आम्ही गांजाच्या गमी खाल्ल्या होत्या. तासभर काहीच होईना म्हणून आणखी एकेक खाल्ली. खाल्लेला गांजा चढायला दोन तासही घेतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. मग दोन्ही एकदम आल्या. त्या रात्री आमच्यात झालं एवढं आठवतं, कसं झालं ते दोघांनाही धड आठवत नाही. समुपदेशकांनी मला विचारलं, "त्या रात्री तुम्हाला नको असतं, तर तुम्हाला तसं सांगता आलं असतं का?" मी पुष्कळ वेळ काहीच बोलले नाही. माझ्यावर जबरदस्ती झाली असं मला वाटत नाही. पण "सांगता आलं असतं" असंही मला म्हणवेना. नवऱ्यालाही त्याच्या सेशनमध्ये हाच प्रश्न विचारला होता. घरी येताना गाडीत दोघंही गप्प होतो. रात्री तो म्हणाला, "मलाही सांगता आलं नसतं." लग्नाला अकरा वर्षं झाली, हे वाक्य आमच्यात पहिल्यांदा आलं. आधीच ठरवून ठेवलं तर चालेल का, असं मी पुढच्या वेळी विचारलं. ते म्हणाले, आधी दिलेला होकार म्हणजे सही केलेला कागद नव्हे. ज्याला शुद्धीत राहून नको म्हणता येत नाही, त्याचा हो धरायचा नाही. नवरा-बायको असलात तरी.

पाचव्यात गृहपाठ. दोन आठवडे संभोग बंद, नशा बंद, आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं नुसता स्पर्श, कुठेही पोचायचं नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने अमेरिकेत रुजवलेली पद्धत, जगभर वापरतात म्हणे. पहिल्या दिवशी मला गुदगुल्या झाल्या, त्याला झोप लागली. दुसऱ्या दिवशी भांडण, विषय गाडीची सर्व्हिसिंग. तिसऱ्यांदा कुठे मला कळलं की त्याचा डावा खांदा दुखतो म्हणून तो कुशीवर वळत नाही. सहा वर्षं प्रत्येक शनिवारी त्याला हात लावत होते आणि हे माहीत नव्हतं. समुपदेशकांनी यावर काही शहाणपण सांगितलं नाही, फक्त टिपून घेतलं. बरं केलं.

एक पत्रक दिलं होतं, केमसेक्सवर. आमचं ते जग नाही, पण सांगण्याजोगं आहे. मेफेड्रोन म्हणजे एमडी, क्रिस्टल मेथ आणि जीएचबी घेऊन तासन् तास, कधी दिवसेंदिवस सेक्स. कोरडेपणा येतो, त्वचा सोलवटते, दुखणं जाणवत नाही, कंडोम फाटलेला कळत नाही. हुंगायची नळी वाटून घेतली तरी हिपॅटायटिस सी जाऊ शकतो. जीएचबीचा मजेचा डोस आणि बेशुद्धीचा डोस यांत फरक इतका थोडा की वर दारू घेतली तर श्वासच थांबू शकतो. एचआयव्हीच्या संपर्काची शंका आली तर संसर्ग रोखणाऱ्या पीईपीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस घ्यायच्या. पत्रक उत्तम. फक्त चित्रं सगळी पुरुषांची, बायकांसाठी शेवटी अर्धं पान.

आता तक्रारी. चौथ्या आणि पाचव्या सेशनच्या मध्ये समुपदेशक आठवडाभर रजेवर गेले आणि एका फोनसाठी बदली माणूस आला. त्याने फाइल वाचली नव्हती. मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं आणि मध्येच विचारलं, "पण गरज काय असते हो या सगळ्याची?" मी फोन ठेवला. तक्रार केल्यावर माफी मागितली, तो भाग पुन्हा विनामूल्य घेतला. फॉर्ममध्ये जोडीदार म्हणजे पती किंवा पत्नी एवढेच पर्याय होते, ते त्यांनाही खटकायला हवं होतं.

आणि मेसेज. नवऱ्याचा मोबाइल टीव्हीला जोडलेला होता, सासूबाई आणि नणंद लग्नाचे फोटो बघत होत्या, आणि पडद्यावर भल्या मोठ्या अक्षरांत आलं: "आपल्या लैंगिक समस्या व नशा समुपदेशन सत्राची आठवण." नणंदेने रिमोट शोधला. सासूबाई म्हणाल्या, "हल्ली काय काय जाहिराती येतात!" त्यांना खरंच तसं वाटलं की त्यांनी मला वाचवलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

सध्याची स्थिती: तंबाखू बंद, त्याचं कोलेस्टेरॉल उतरतंय. जॉइंट बंद नाही, महिन्यातून एखादा, आणि त्या रात्री सेक्स नाही असं आम्ही ठरवलंय. मधले वार थोडे परत आलेत. सगळं पूर्वीसारखं झालं का, तर नाही, आणि पूर्वीचं नेमकं कसं होतं यावरही आमचं एकमत होत नाही.

जायचं असेल तर घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, घरात लपवलेल्या गोळ्यांसकट. मेसेजबद्दल मी दोन पानी पत्र लिहिलं होतं. परवा पुढच्या तपासणीचा आला त्यात फक्त तारीख आणि वेळ होती.